शोभनाचा उजवा हात

शोभना दाबके अल ऐनला आली ती १९९१च्या ऑक्टोबरात, पाच वर्षांच्या ईश्वरीचा हात धरून. नवरा प्रकाश दीड वर्ष आधीच येऊन एका कन्सल्टंटच्या ऑफिसात क्वांटिटी सर्व्हेयर म्हणून, बांधकामाच्या खर्चाचे हिशेब करायला, रुजू झाला होता. त्याआधी ती अहमदनगरला प्राथमिक शाळेत शिकवायची. पहिलीचा वर्ग, बासष्ट मुलं. इथं आल्यावर पासपोर्टात व्हिसाचा शिक्का बसला आणि त्यात तिच्या नावापुढे लिहिलं गेलं, हाउसवाइफ. प्रकाशने ते हसत हसत वाचून दाखवलं. तिला हसू आलं नाही, पण तिने ते मनालाही लावून घेतलं नाही. नवऱ्याची नोकरी तिथं आपण, एवढा साधा हिशेब तिने लग्नातच मान्य केलेला होता.

अल ऐन म्हणजे दुबई नव्हे. रुंद रस्ते, एकामागून एक गोल चौक, खजुरांच्या बागांना मातीच्या भिंती, आणि कुठंही जायचं म्हटलं की गाडी. शोभनाला गाडी चालवता येत नव्हती. सकाळी सातला प्रकाश आणि ईश्वरी बाहेर पडले की दुपारपर्यंत ती, एसीची घरघर आणि नाशिकच्या धाकट्या बहिणीला, रंजिताला लिहायची पत्रं. मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ती शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, भेटायची.

९४च्या दिवाळीत ईश्वरीने कुणा मैत्रिणीचा पाहून कीबोर्डचा हट्ट धरला. साडेसहाशे दिऱ्हम, म्हणजे आपले साडेपाच हजार, असं दुकानातच मोठ्याने म्हणून प्रकाशने तो घेतला. शिकवायला राजन सर मिळाले. हा केरळचा माणूस शुक्रवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा आणि एरवी आपल्या हॉलमध्ये मुलांना शिकवायचा. ईश्वरीचा उत्साह चार महिन्यांत आटला. टर्मची फी भरलेली होती, म्हणून उरलेले दिवस शोभनाच जाऊन बसली, आणि मग जातच राहिली.

तिच्या बोटांत काही दैवी देणगी होती अशातला भाग नाही. पण ती रोज बसायची. सगळे गेले की भांडी आवरायची, ओले हात पुसायची आणि डायनिंग टेबलावर कीबोर्ड ठेवून अकरापर्यंत वाजवायची. तीन महिन्यांत तिला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची स्वरलिपी, वाचता येऊ लागलं. उजव्या हाताने चाल, डाव्याने तीन पट्ट्या एकदम दाबून ठेवायच्या. बाकी ताल, ढोल, व्हायोलिनचा आवाज हे सगळं यंत्र आपणहून पुरवायचं. तिसऱ्या वर्षी मराठी मंडळाच्या गणपतीत मुलांची गाणी बसवायचं काम तिच्याकडे आलं. तो कार्यक्रम पाहायला कुणाची तरी शेजारीण म्हणून नसीम मॅडम आल्या होत्या. मूळच्या हैदराबादच्या, एका व्हिलामध्ये लहान मुलांची शाळा चालवायच्या. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी शोभनाला बाजूला घेऊन विचारलं, आमच्याकडे येता का. तिचा व्हिसा प्रकाशच्या नोकरीवर होता, म्हणून त्याने नो ऑब्जेक्शनचं पत्र लिहून दिलं. सप्टेंबर ९७मध्ये, सहा वर्षांनंतर, शोभना पुन्हा शाळेत निघाली. पहिल्या दिवशी नेसलेली सुती साडी तिने आदल्या संध्याकाळी दोनदा इस्त्री केली होती.

शाळेच्या हॉलमध्ये पियानो होता. त्या व्हिलात आधी कुणा इंग्रज बाईंची शाळा होती, त्या जाताना तो मागे ठेवून गेल्या होत्या. काळपट तपकिरी, उभा, एका कोपऱ्यावरचं पॉलिश उन्हाने उडालेलं. शोभनाने खरा पियानो जवळून पाहिला तो त्या दिवशी पहिल्यांदा. पट्ट्या तशाच, काळ्या-पांढऱ्या, त्याच क्रमाने. ती बसली, समोर ऐंशी मुलं उभी राहिली, आणि तिने प्रार्थनेची चाल सुरू केली.

अर्धे सूर आलेच नाहीत. पट्टी खाली गेली पण आवाज नाही, किंवा अगदीच पुसट. दात पडलेल्या म्हाताऱ्याने बोलावं तशी चाल मधे मधे तुटत होती. मुलं गाणं थांबवून तिच्याकडे बघू लागली. नसीम मॅडम जवळ येऊन हळूच हिंदीत म्हणाल्या, थोडं जोरात. शोभनाने जोर लावला तर दोन सूर असे दणकन वाजले की पुढच्या रांगेतली एक मुलगी दचकली.

त्या गुरुवारी सुट्टीच्या दिवशी तिने राजन सरांना शाळेत बोलावून घेतलं. त्यांनी पियानोचं वरचं झाकण उघडून आत दाखवलं. प्रत्येक पट्टीमागे लाकडाची लांब दांडी, तिच्या टोकाला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, हातोडी, आणि हातोडीपुढे तार. ते म्हणाले, कीबोर्डवर तुम्ही बटण दाबत होतात. हळू दाबा, जोरात दाबा, आवाज तेवढाच. इथं प्रत्येक सुराला तुम्ही एक वजन उचलताय. नुसत्या बोटांनी ते होणार नाही, खांद्यापासून हाताचा भार खाली सोडायला शिका. कीबोर्डवर शिकलेल्या सगळ्यांचं हेच होतं. तीन-चार महिने जातील.

शोभनाला हायसं वाटलं. चार महिन्यांचं काय एवढं. शाळा दीडला सुटायची आणि व्हॅन सव्वादोनला निघायची. मधला पाऊण तास ती रोज पियानोवर बसू लागली. एकेक बोट उचलायचं आणि सोडायचं, मोजून वीसदा. मुलांच्या गाण्यांचे सोपे तुकडे आधी डाव्या हाताने, मग उजव्या. पट्टी खाली जाताना मधे एक बारीकसा अडथळा लागतो, त्याच्यापलीकडे गेलं की हातोडी सुटते, हे तिला बोटांनी समजू लागलं. घरी येऊन कणीक मळताना तिच्या लक्षात यायचं की खांदे सैल सोडलेत. नोव्हेंबरात डाव्या हाताने एक संपूर्ण चाल भरीव, गोल आवाजात वाजली तेव्हा तिने ती तीनदा पुन्हा वाजवली. हॉलमध्ये कुणीच नव्हतं. झाडणारा माणूस दारात थांबून ऐकत होता तेवढाच.

उजवा हात मात्र हट्टाला पेटला होता. अंगठा आणि पहिलं बोट पट्टी अर्ध्यातच सोडायचे. दहा मिनिटांत मनगट भरून यायचं. याचं कारणही तिने शोधून काढलं होतं. कीबोर्डवर सगळी चाल वाजवली ती उजव्याने, डावा नुसता दाबून बसायचा. मग वाईट सवयही उजव्यालाच जास्त लागणार. राजन सरांनाही ते पटलं. कुणालाही पटावं असंच होतं. घरी कीबोर्डवर उजवा हात पूर्वीसारखाच चालत होता, म्हणजे दोष पट्ट्यांच्या जडपणाचाच. तिने रबरी चेंडू आणला आणि टीव्ही बघताना तो दाबायला सुरुवात केली. कोमट पाण्यात मीठ घालून हात बुडवला. चेंडू दाबून झाला की दंडाच्या कातडीखाली किडा वळवळावा तसं काहीतरी फडफडायचं. व्यायामाने स्नायू जागे होतायत, असं तिला वाटायचं.

एकदा जेवताना तिच्या हातून चमचा दोनदा निसटला. प्रकाश त्या दिवशी साइटवरून वैतागून आला होता. तो म्हणाला, "तीन वर्षं बटणं दाबलीस, आता खरं वाजवायची वेळ आली तर हात दुखतो." तो मनाचा दुष्ट नव्हता. बोलून गेला आणि विसरला. पुढे मात्र ते वाक्य त्याला एवढ्या वेळा आठवलं की त्याने ते कधीतरी रंजिताला, आपल्या मेव्हणीला, स्वतःहून सांगितलं.

मार्च ९८मध्ये शाळेचं गॅदरिंग होतं. अकरा गाणी. जानेवारीपासूनच शोभनाने एक युक्ती केली होती. चाल हळूहळू डाव्या हाताकडे आणायची, उजव्याला एकेक सुटा सूर द्यायचा. फेब्रुवारीत त्या सुट्या सुरांपैकीही निम्मे गेले. गॅदरिंगच्या दिवशी उजवा हात पट्ट्यांवर पाहुण्यासारखा ठेवलेला होता आणि अकराच्या अकरा गाणी तिने डाव्याने ओढून नेली. पालकांनी टाळ्या वाजवल्या. नसीम मॅडमनी स्टेजवर बोलावून गुच्छ दिला, तो तिने डाव्या हाताने घेतला.

राजन सर शेवटच्या रांगेत बसले होते. पुढच्या गुरुवारी ते न बोलावता शाळेत आले. सुट्टी असूनही शोभना सराव करत होती. ते थोडा वेळ उभे राहून बघत राहिले, मग त्यांनी तिचा उजवा पंजा हातात घेतला, उलटा केला आणि अंगठा आणि तर्जनीच्या मधली जागा दाबून पाहिली. तिथलं मांस गेलं होतं. खड्डा पडला होता.

ते म्हणाले, "शोभनाजी, पियानोच्या पट्ट्या दोन्ही हातांना सारख्याच जड असतात."

तिने पंजा सोडवून घेतला.

"डावा हात सहा महिन्यांत शिकला. उजवा मागे चाललाय. हे कीबोर्डचं नाही. डॉक्टरला दाखवा."

शोभनाला संताप आला. का, ते तिचं तिलाही धड सांगता आलं नसतं. ती म्हणाली की कीबोर्डवर शिकवलं तुम्हीच, तेव्हाच सांगायचं होतं की हे खोटं वाद्य आहे. आता स्वतःची चूक झाकायला मला आजारी ठरवू नका. राजन सर ऐकून घेत राहिले. "हो, शिकवलं मीच," एवढं म्हणून ते निघून गेले. त्यानंतर दोन महिने तिने त्यांना फोन केला नाही, आणि डॉक्टरलाही दाखवलं नाही.

मेमध्ये एका दुपारी तिला घराचं कुलूप उघडेना. किल्ली आत गेली, पण फिरवायला अंगठ्यात ताकदच नव्हती. डाव्या हाताने तिने दार उघडलं आणि आत जाऊन पाणी पिऊन खुर्चीत बसून राहिली. किल्ली पट्ट्यांइतकीसुद्धा जड नव्हती. संध्याकाळी तिने प्रकाशला सांगितलं.

आधी इथल्या डॉक्टरांनी मानेचा मणका म्हणून पट्टा दिला, गोळ्या दिल्या. मग अबू धाबीच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथं न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांनी हातापायांत सुया टोचून यंत्रावर रेघा पाहिल्या. तिला सर्वांत वेगळं हे वाटलं की ते दुखऱ्या हाताबरोबर चांगल्या हातातही टोचत होते, आणि जिभेकडेही टॉर्च लावून बराच वेळ बघत होते. मग त्यांनी प्रकाशला आत बोलावलं आणि ती कॉरिडॉरमध्ये बसली. वीस मिनिटांनी तो बाहेर आला तेव्हा हातात मोठा पिवळा लिफाफा होता.

अबू धाबी ते अल ऐन दीड तासाचा रस्ता. अर्धा रस्ता मागे पडला. मग प्रकाश म्हणाला की नसांना सूज आहे, वेळ लागेल, पण बरं वाटेल, इन्शाल्ला. शोभनाने खिडकीतून बाहेर पाहिलं. प्रकाश हा शब्द ऑफिसच्या फोनवर कधी वापरतो ते तिला ठाऊक होतं. जे बिल मंजूर होणार नाही, जो माणूस येणार नाही, त्याच्याबद्दल बोलताना.

लिफाफा कपाटात कपड्यांखाली गेला. आठवड्याने तिच्या लक्षात आलं की ईश्वरी जेवत नाही. बारा वर्षांची मुलगी, आईशी मराठीत सुरुवात करून इंग्रजीत संपवायची. शोभना तिच्या पलंगाच्या कडेला जाऊन बसली आणि काय झालं म्हणून विचारलं.

"आय रेड द रिपोर्ट," ईश्वरी म्हणाली. "मग स्कूल लायब्ररीत एन्सायक्लोपीडिया बघितला."

"काय लिहिलंय?"

ईश्वरी भिंतीकडे बघत म्हणाली, "थ्री टु फाइव्ह इयर्स."

शोभनाला पहिल्यांदा कळलं नाही की ही बरं होण्याची मुदत सांगतेय की दुसरी कसली. मग मुलीच्या चेहऱ्याकडे बघून कळलं. तिने हात पुढे करून ईश्वरीचे केस मागे सारले. ते तिने डाव्या हाताने केलं, आणि ईश्वरीने ते पाहिलं.

"आणखी कुणाला बोललीस?"

"नो. बाबांना माहितीये?"

"त्यांना ठाऊक आहे. आपल्याला ठाऊक आहे हे त्यांना सांगू नकोस. सध्या नको."

अशी तीन माणसं एका फ्लॅटमध्ये जवळजवळ वर्षभर राहिली. तिघांनाही एकच गोष्ट माहीत होती. प्रकाश केरळहून तेल मागवायचा आणि आज पकड सुधारल्यासारखी वाटते म्हणायचा. शोभना हो म्हणायची. ईश्वरी ताटावरून उठून दप्तर भरायला जायची.

राजन सरांना तिने जुलैत फोन केला. तुमचं बरोबर होतं, असं सांगितलं आणि त्या दिवशीच्या बोलण्याबद्दल क्षमा मागितली.  मग ते म्हणाले, "मी चुकलो असतो तर बरं झालं असतं."

सुट्टी संपल्यावर ती शाळेत गेली, ती घरचा कीबोर्ड घेऊन. पियानोच्या पट्ट्या आता डाव्या हातालाही जड जाऊ लागल्या होत्या. कीबोर्ड पियानोच्या झाकणाजवळ एका टेबलावर ठेवला. त्याच्या हलक्या पट्ट्यांवर चाल अजून नीट यायची, मुलांना तर ढोलाचा आवाज जास्तच आवडला. डिसेंबरात हात उचलून टेबलावर ठेवायलाच दुसऱ्या हाताची मदत लागू लागली. नसीम मॅडमनी तिला काही म्हटलं नाही. एक दिवस हॉलमध्ये कॅसेट प्लेअर आला, एवढंच. जानेवारी ९९च्या अखेरीस शोभनाने राजीनाम्याचा कागद ईश्वरीकडून लिहून घेतला आणि खाली कशीबशी सही केली. एक वर्ष आणि चार महिने, एवढीच ती नोकरी.

खोटेपणा संपला तो एप्रिलमध्ये. प्रकाश तिची नखं कापत होता. मान खाली घालून तो म्हणाला, "मी तुला खोटं सांगितलं होतं."

"ठाऊक आहे," शोभना म्हणाली. "त्या बोटाचं राहिलं."

त्याला नोकरी सोडून परत जायचं होतं. शोभनाने नको म्हटलं. औषधपाणी नोकरीवर, घर नोकरीवर. नगरला सासरच्या दोन खोल्यांत आधीच सहा माणसं, तिथं व्हीलचेअर दारातून आत जाणार नाही. ती इथंच राहिली. कणकवलीकडच्या कृष्णाबाई, ज्या आधी एका मराठी डॉक्टरांच्या घरी काम करायच्या, त्या दिवसभर येऊ लागल्या. उचलणं, न्हाऊ घालणं, भरवणं सगळं त्या करायच्या. धिप्पाड बाई, बोलणं मोजकं.

त्या वर्षीचे गणपती झाले आणि शोभनाची जीभ जड झाली. आधी र आणि ड जाऊ लागले, मग शब्दांच्या कडा झिजल्या. डिसेंबरपर्यंत तिचं बोलणं म्हणजे नाकातून येणारा एक लांबट आवाज झाला. कृष्णाबाईंना त्यातलं काही कळायचं नाही. प्रकाशला दोन-तीन शब्द कळायचे, बाकी तो डोळे बारीक करून ऐकायचा आणि चुकीचं काहीतरी आणून द्यायचा. ईश्वरीला मात्र सगळं कळायचं. कसं, ते तीही सांगू शकत नव्हती. आईने आवाज काढला की ती पाठ फिरवलेली असली तरी सांगायची, चादर टोचतेय म्हणते. मीठ कमी आहे म्हणते. मावशीचं पत्र पुन्हा वाच म्हणते. शाळा सुटली की ती धावत घरी यायची, कारण दोन वाजेपर्यंत घरात आईचं ऐकणारं कुणी नसायचं. तिने मैत्रिणींचे फोन घेणं सोडलं. गणितात ती पहिल्यांदाच नापास झाली.

मार्च २०००मध्ये एका दुपारी कृष्णाबाई खाली कचरा टाकायला गेल्या होत्या आणि ईश्वरी आईला दहीभात भरवत होती. घास भलत्या नळीत गेला. शोभनाचा श्वास अडला, डोळे वर गेले. ईश्वरीने तिला पुढे वाकवून पाठीत बुक्क्या मारल्या, तोंडात बोट घालून भात काढला. तीन-चार मिनिटंच गेली असतील. श्वास परत आला तेव्हा शोभनाला मुलीचा चेहरा अगदी जवळून दिसला. तो चौदा वर्षांच्या मुलीचा चेहरा नव्हता. त्या दिवसानंतर ईश्वरी आईच्या खुर्चीपासून पाच पावलांच्या पलीकडे जाईना.

शोभनाने चार दिवस विचार केला. विचार करण्यापलीकडे तिच्या हातात काही उरलंच नव्हतं. पाचव्या दिवशी, शुक्रवारी दुपारी, जेवणं झाल्यावर तिने प्रकाशकडे बघून एक वाक्य म्हटलं. त्याला ते कळलं नाही. नेहमीप्रमाणे त्याने ईश्वरीकडे पाहिलं.

"काही नाही," ईश्वरी म्हणाली.

शोभनाने पुन्हा म्हटलं, सावकाश, जमेल तेवढं सुटं करून.

"काय म्हणतेय?" प्रकाशने विचारलं.

"नथिंग. पाणी पाहिजे."

त्याने पाणी आणलं. शोभनाने तोंड मिटून घेतलं आणि ईश्वरीकडे बघत राहिली. मग तेच वाक्य तिसऱ्यांदा म्हटलं. ईश्वरी रडू लागली. प्रकाश ग्लास हातात धरून दोघींकडे आळीपाळीने बघत होता. शेवटी ईश्वरीने नाक पुसलं आणि बापाकडे न बघता सांगितलं, "म्हणते, ईशूला नाशिकला पाठवा. रंजितामावशीकडे. ह्याच जूनला."

प्रकाश म्हणाला, "अगं, मग तुझं बोलणं मला कोण सांगणार?"

त्याला उत्तर शोभनाने दिलं, पण ईश्वरीने ते सांगितलं नाही आणि प्रकाशने ते पुन्हा विचारलं नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ईश्वरी गेली. दुबई एअरपोर्टपर्यंत शोभनाला नेणं शक्य नव्हतं. निघताना ईश्वरीने आईच्या गालाला गाल लावला आणि इमारतीखालून दोनदा परत वर आली, एकदा पाण्याची बाटली विसरली म्हणून आणि एकदा काहीच न विसरता.

मग घरात बोलणं उरलं नाही. प्रकाशने मोठ्या कागदावर मुळाक्षरं लिहिली आणि बोट फिरवत एकेका अक्षराशी थांबू लागला. एकदा डोळे मिटले म्हणजे हो, दोनदा मिटले म्हणजे नाही. मराठीत काने-मात्रे इतके की 'खिडकी' म्हणायला अर्धा तास जायचा आणि तोवर खिडकीतून येणारं ऊन निघून गेलेलं असायचं.

दर शुक्रवारी संध्याकाळी सहाला मात्र नाशिकला फोन लागायचा. प्रकाश स्पीकरचं बटण दाबून फोन शोभनाच्या छातीपाशी धरायचा. ती आवाज काढायची. क्षणभर तारेची खरखर, मग ईश्वरी नाशिकहून सांगायची, बाबा, डाव्या कानामागे खाजतंय म्हणते. प्रकाश खाजवायचा. बाबा, कृष्णाबाई चहात साखर जास्त घालतात म्हणते. प्रकाश स्वयंपाकघरात जाऊन सांगून यायचा. आठवडाभर साठवलेलं सगळं ती त्या अर्ध्या तासात सांगून घ्यायची. हाताच्या अंतरावर बसलेल्या नवऱ्याशी ती समुद्रापलीकडून बोलत होती, आणि त्या अर्ध्या तासासाठी बाकीचे सहा दिवस काढत होती.

ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी ईश्वरी सांगत होती की तिला वर्गात मॉनिटर केलंय. शोभनाने विचारलं, डबा कोण करून देतं, मावशी की तूच? पलीकडे शांतता. मग ईश्वरीचा आवाज आला, "बाबा, उशी थोडी वर घ्या म्हणते."

शोभनाला वाटलं, लाइन खराब असेल. तिने तेच पुन्हा विचारलं.

"हो, उशीच. मानेला लागतेय."

तेव्हा तिला उमगलं की मुलीला आता कळत नाही. आजच नव्हे, बहुधा कितीतरी आठवडे. गेल्या शुक्रवारचा पंखा, त्याआधीचं पाणी, पायावरची चादर, हे काहीच ती म्हणाली नव्हती. आजारी माणसाला काय काय लागत असेल याचा विचार करून नाशिकला बसलेली पोर एकेक गोष्ट आपल्या मनाने सांगत होती.  शेवटची एक वाट होती, तीही बंद झाली होती, आणि कधी बंद झाली ते तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

प्रकाशने उशी वर सरकवली. वाकून त्याने विचारलं, "आता बरोबर आहे ना?"

दोनदा डोळे मिटले असते तर त्याने फोनवर विचारलं असतं, आणि ईश्वरीला कबूल करावं लागलं असतं. शोभनाने डोळे एकदाच मिटले.

त्यानंतरचे चारही शुक्रवार तिने तसेच काढले. ती बोलायची, ईश्वरी काहीतरी सांगायची, प्रकाश ते करायचा, ती डोळे मिटायची.

नोव्हेंबरच्या एकोणीस तारखेला, रविवारी, प्रकाश ऑफिसात असताना ती गेली. कृष्णाबाई तिचे केस विंचरत होत्या. त्यांना वाटलं, डोळा लागला. कागदपत्रांत तीन दिवस मोडले. राजन सर प्रकाशबरोबर एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात फिरले, शिक्के मारून घेतले. मग पेटी विमानाने मुंबईला आणि तिथून गाडीने नाशिकला.

दहाव्यानंतर प्रकाश रंजिताच्या घराच्या गच्चीत बसला होता. परत अल ऐनला जायचं तिकीट त्याच्या खिशात होतं. तिथं तो आणखी चार वर्षं एकटा राहणार होता. ईश्वरी त्याच्याशेजारी येऊन बसली. तिने सांगितलं की सप्टेंबरपासून तिला आईचं बोलणं समजत नव्हतं. ती अंदाजाने सांगत होती. फोन बंद झाला असता म्हणून.

प्रकाश खाली रस्त्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "उशीचं तरी ती म्हणाली होती ना?"

"हो," ईश्वरी म्हणाली. "ते म्हणाली होती."